वारशाच्या भूमीवर ठरवून लावलेली आग : एका वादाचा आढावा

किल्ला, लेणे किंवा देऊळ जपायचे म्हणजे काय करायचे, याची ढोबळ कल्पना सगळ्यांना असते. ढासळलेला चिरा बसवायचा, गळती थांबवायची, भिंतीत शिरलेले पिंपळाचे मूळ काढायचे. पण वारसा म्हणून जे जपायचे ते मोकळे कुरण असेल, डोंगराचा उतार असेल किंवा रणभूमी असेल, तर एवढ्याने भागत नाही. हात लावला नाही तर कुरणात झुडपे येतात, झुडपांमागून झाडे येतात आणि पन्नास-साठ वर्षांत जे जपायचे होते तेच दिसेनासे होते. युनेस्कोने १९९२ मध्ये जागतिक वारशात ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा प्रकार मान्य केला. माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेला प्रदेश त्यात येतो. तेव्हापासून एक प्रश्न टाळणे अवघड झाले आहे: जो प्रदेश शतकानुशतके माणसाने लावलेल्या आगीने घडला, तो आग थांबवून जपता येईल का?

आधी हे स्पष्ट करायला हवे की ठरवून लावलेली आग म्हणजे वणवा नव्हे. कोणता तुकडा, कशासाठी, किती उंचीची ज्वाला चालेल, हे आधी लिहून ठरवतात. वाऱ्याचा वेग, हवेतला दमटपणा, गवत-पाचोळ्यातला ओलावा यांच्या मर्यादा आखतात. त्या ओलांडल्या गेल्या तर त्या दिवशी काडी ओढायची नाही. भोवती जाळरेषा काढतात. वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाकडून आग लावतात, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध, सावकाश, बुटक्या ज्वाळांनी सरकते. जळका पट्टा पुरेसा रुंद झाला की मग उरलेला भाग पेटवतात. शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे असते, ते म्हणजे धुमसणारे ओंडके आणि बुंधे शोधून विझवणे. आपला वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषांवरचे गवत जाळतो त्यामागचे तत्त्व हेच आहे. फरक उद्देशाचा आहे. जाळरेषा आग अडवण्यासाठी असते, आणि इथे आग हेच संवर्धनाचे साधन मानले जाते.

आगबंदीचा काळ

आगीला सरसकट शत्रू मानण्याच्या धोरणाची एक सुरुवात आपल्या शेजारीच झाली. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात १८६०च्या दशकात पिअर्सन या लष्करी अधिकाऱ्याने आग रोखण्याचा मोठा प्रयोग केला आणि पुढे ब्रिटिश भारताच्या वनखात्याचे ते धोरणच झाले. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस पहिले वनमहानिरीक्षक झाले. युरोपात घडलेल्या वनशास्त्राला गावकऱ्यांची आग म्हणजे निव्वळ नासधूस वाटत होती. पण शंकाही लवकरच निघाल्या आणि त्या खात्याच्या आतून निघाल्या. ब्रह्मदेशात आगबंदीचा अतिरेक होतो आहे, असे सांगणारा लेख ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये १८९६ मध्ये आला. पूर्व भारतातल्या ओलसर सालवनांत आग थांबल्यावर सालाची नवी रोपे येईनाशी झाल्याचे अधिकारी नोंदवू लागले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत काही भागांत बंदी सैल झाली. कायद्यात मात्र या अनुभवाचे फारसे प्रतिबिंब पडले नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० ने अभयारण्यातही तीच बंदी घातली.

अमेरिकेत हीच कथा अधिक तीव्रपणे घडली. तिथली वनसेवा १९०५ मध्ये स्थापन झाली आणि पाचच वर्षांनी, ऑगस्ट १९१० मध्ये, आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. त्या धक्क्यातून आग दिसली की विझवायची हे ब्रीद तयार झाले. १९३५ मध्ये तर नियमच झाला की कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे.

मत कसे बदलले

बदल शिकारीच्या रानांतून आणि दलदलीतून आला, राष्ट्रीय उद्यानांच्या मुख्यालयातून नव्हे. आग्नेय अमेरिकेतल्या पाइन वृक्षांच्या रानात हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी बॉबव्हाइट लाव्यांचा अभ्यास करताना दाखवले की वारंवार हलकी आग नसेल तर हा पक्षी टिकत नाही. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स उद्यानात १९५८ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने पहिली ठरवून लावलेली आग लावली. कॅलिफोर्नियात हॅरॉल्ड बिसवेल हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन लहान लहान तुकडे जाळून दाखवत होते. १९६३ मध्ये स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने अहवाल दिला की उद्याने गोऱ्या लोकांच्या आगमनाच्या वेळी जशी होती त्या स्थितीच्या जवळ ठेवावीत आणि त्यासाठी आगीचा वापर करावा. त्याच सुमारास रिचर्ड हार्टेसवेल्ट यांनी सिक्वोया महावृक्षांबाबत दाखवले की पाचोळ्याच्या जाड थरावर त्यांचे बी रुजत नाही. आगीने जमीन उघडी केली आणि उष्णतेने शंकू उमलले, तरच रोपे येतात. जे झाड वाचवायचे म्हणून आग रोखली, त्याचीच पुढची पिढी आगबंदीने अडवली होती. सिक्वोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांत १९६८ पासून आग परत आली.

या साऱ्याचा सर्वांत बोलका पुरावा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात आहे. तिथले मूळ रहिवासी अहवाहनीची लोक दरवर्षी कुरणे आणि काळ्या ओकची राने जाळत. त्याने ओकची फळे वेचायला जमीन मोकळी राही, खाली पडलेल्या किडक्या फळांतल्या अळ्या मरत, टोपल्या विणण्यासाठी सरळ कोंब फुटत आणि शत्रू किंवा अस्वल लांबून दिसे. १८५१ मध्ये लष्करी तुकडीने त्यांना खोऱ्यातून हाकलले. १८६१ मध्ये कार्ल्टन वॉटकिन्स यांनी काढलेल्या छायाचित्रांत विस्तीर्ण कुरणे दिसतात. ती छायाचित्रे पाहूनच लोकांनी या खोऱ्याला निसर्गाची निर्मळ देणगी मानले आणि १८६४ मध्ये ते संरक्षित झाले. त्यानंतर कुरणांवर सूचिपर्णी झाडे चढत गेली. अहवाहनीचींचा प्रमुख तेनाया याची नात तोतुया १९२९ मध्ये म्हातारपणी खोऱ्यात परत आली, तेव्हा तिला आपले खोरे झुडपांनी माजलेले, निगा न राखलेले वाटले. निसर्ग म्हणून जे जपायला घेतले ते बऱ्याच अंशी कुणाच्या तरी हातचे काम होते, आणि ते हात तिथून दूर केल्यावर संरक्षण सुरू झाले. या विषयातला सर्वांत अवघड मुद्दा मला हाच वाटतो.

रणभूमींवर प्रश्न वेगळा आणि काहीसा सोपा आहे, कारण तिथे तारीख ठरलेली असते. मिसुरीतल्या विल्सन्स क्रीक इथे १० ऑगस्ट १८६१ रोजी अमेरिकी यादवी युद्धातली लढाई झाली. तेव्हा तिथे विरळ ओक आणि खाली गवत असा माळ होता. आग आणि चराई थांबल्यावर तो झुडपांनी भरला आणि कोणत्या तुकडीला काय दिसत होते हेच समजेना. आता तिथे तोड आणि आग दोन्ही वापरून माळ परत आणला जातो. त्याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर १९९९ च्या आराखड्यानंतर शेकडो एकरांवरची नंतर वाढलेली झाडी काढून १८६३ च्या दृष्टिरेषा मोकळ्या करण्यात आल्या आणि शेतांचा मोकळेपणा टिकवायला आगीची जोड दिली जाते. यावर स्थानिकांची एक साधी हरकत होती, ती इथे नोंदवायला हवी: शंभर वर्षांत वाढलेले रान हाही इतिहासच नाही का? लढाईचा दिवस जपताना नंतरच्या दीडशे वर्षांचा वारसा पुसला जातो, हे समर्थकही नाकारत नाहीत.

जमिनीखालचे काय

पुरातत्त्वज्ञांमध्ये या प्रश्नावर दोन गट आहेत म्हणण्यापेक्षा एकाच माणसाच्या मनात दोन बाजू आहेत, असे म्हणणे योग्य ठरेल. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली आणि पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी काडतुसे, गोळ्या यांच्या जागा एकेक टिपून लष्कर आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या १८७६ च्या लढाईचा क्रम नव्याने मांडला. आगीने मिळालेली ही संधी नसती तर ते काम तेव्हा झाले नसते. उलट कोलोराडोतल्या मेसा व्हर्देत १९९६ च्या वणव्यात वालुकाश्मावरची कोरीव चित्रे असलेला दर्शनी भाग पापुद्रे सुटून खराब झाला. २००० च्या आगीनंतर तिथेच शेकडो नवी स्थळे उजेडात आली. उघड्या पडलेल्या वस्तू चोरांनाही दिसतात आणि पहिल्या जोरदार पावसात वाहूनही जातात.

यातून निघालेले बहुमान्य मत असे: हलकी, झपाट्याने पुढे सरकणारी गवताची आग काही सेंटिमीटर खोलीवरच्या अवशेषांना सहसा धक्का लावत नाही, पण ओंडका एकाच जागी तासन्‌तास जळत राहिला तर खालची माती भाजते. ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेच्या हत्यारांचे वय त्यांनी शोषलेल्या पाण्याच्या ज्या थरावरून काढतात तो तीव्र उष्णतेने नाहीसा होतो. म्हणून आग लावण्यापूर्वी अवशेषांवरचे जळण हाताने काढणे, भिंतींभोवती पट्टा साफ करणे हे नियम आता रूढ आहेत. पाचोळा साठू द्यायचा आणि मग कधीतरी मोठा वणवा सोसायचा, यापेक्षा हे बरे, असा हिशेब त्यामागे आहे.

हातून सुटलेल्या आगी

विरोधकांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद न्यू मेक्सिकोतून येतो. प्राचीन वस्त्यांसाठी राखलेल्या बँडेलियर स्मारकात ४ मे २००० रोजी ठरवून लावलेली आग सुटली. सुमारे ४८ हजार एकर जळाले आणि लॉस अलामोस गावातली ४०० हून अधिक कुटुंबे बेघर झाली. एप्रिल २०२२ मध्ये सांता फे वनात लावलेली आग वाऱ्याने पसरली आणि आधीच्या जानेवारीत जाळलेल्या लाकडाच्या ढिगांत बर्फाखाली धुमसत राहिलेल्या दुसऱ्या आगीशी तिची गाठ पडली. ३ लाख ४१ हजार एकर जळाले, जो त्या राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा ठरला. पिढ्यान्‌पिढ्या पाटपाण्यावर शेती करणारी स्पॅनिशभाषी गावे त्यात होरपळली. म्हणजे वारसा असलेला एक प्रदेश सांभाळताना दुसरा उद्ध्वस्त झाला. वनसेवेने देशभर ९० दिवस अशा आगी थांबवल्या. चौकशीत दिसले की जमीन किती कोरडी झाली आहे याचा अंदाज चुकला होता.

समर्थक त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण देतात. जुलै २०२२ मध्ये योसेमिटीतल्या मारिपोसा वृक्षराजीकडे वणवा सरकला, पण अनेक वर्षे ठरवून जाळलेल्या भागात शिरल्यावर त्याचा जोर ओसरला आणि महावृक्ष वाचले. २०२० च्या एकाच वणव्यात जगातल्या मोठ्या सिक्वोयांपैकी किमान दहावा हिस्सा मेला होता, हे लक्षात घेतले तर या युक्तिवादाचे वजन कळते. दोन्ही बाजूंचे पुरावे खरे आहेत. हवामान तापत चालल्याने आग लावण्याजोगे दिवस कमी होत आहेत, आणि त्याच कारणाने न लावण्याची किंमत वाढते आहे.

ब्रिटनमध्ये वादाचा सूर निराळा आहे. तिथली हेदर या जांभळ्या फुलांच्या झुडपाची माळराने ग्राउझ या तितरासारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठी आलटून पालटून जाळली जातात आणि तो जांभळा डोंगर लोकांना प्रिय आहे. पण खाली कुजून साठलेल्या वनस्पतींचा, कार्बनने भरलेला थर असतो. इंग्लंडने २०२१ मध्ये संरक्षित क्षेत्रांतल्या ४० सेंटिमीटरपेक्षा खोल थरांवर परवान्याविना जाळण्यास बंदी केली. देखावा वारसा असला तरी त्याची किंमत हवामान मोजणार असेल तर काय, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला गेला.

ऑस्ट्रेलिया : आग कुणाच्या हातात

ऱ्हीस जोन्स यांनी १९६९ मध्ये मांडले की ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आगीनेच एक प्रकारची शेती करत होते. बिल गॅमेज यांच्या २०११ च्या पुस्तकाने हा विचार घराघरात नेला. सगळा खंडच नीट राखलेली जहागीर होती, असा त्यांचा दावा. परागकण आणि कोळशाचे थर तपासणाऱ्यांना तो अतिरंजित वाटतो. आगीचे चढउतार माणसाच्या आगमनापेक्षा हवामानाशी जास्त जुळतात, असे त्यांचे निष्कर्ष आहेत. सगळीकडे सारखी आग नव्हती, इतके आता दोन्ही बाजू मानतात.

प्रत्यक्ष व्यवस्थापनात मात्र ऑस्ट्रेलिया पुढे गेला आहे. उलुरू परिसरात आनांगू लोकांची आग थांबल्यावर जळण साठत गेले आणि १९७६ मध्ये उद्यानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जळाला. त्यानंतर त्यांच्या पद्धतीने छोटे छोटे तुकडे जाळणे परत सुरू झाले, आणि १९९४ मध्ये उलुरूला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून मान्यता मिळाली. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये २००६ पासून सुमारे २८ हजार चौरस किलोमीटरवर कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच हलकी आग लावली जाते. पुढचे मोठे वणवे टळल्याने जो धूर वाचतो, त्याचा मोबदला तिथल्या आदिवासी रखवालदारांना मिळतो. आग हे तंत्र वेगळे काढता येत नाही, ते जमिनीवरच्या हक्कासकटच परत द्यावे लागते, असे तिथल्या लोकांचे म्हणणे आहे. मला ते पटते, पण हे सूत्र सगळीकडे लागू पडेल असे नाही.

भारतातले चित्र

कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक उन्हाळा चढण्याआधी पाचोळ्याला हलकी आग लावत. १९७४ मध्ये अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली. सोलिगांचे म्हणणे असे की त्यानंतर घाणेरीने जंगल गिळले, आवळ्यावर बांडगुळे माजली आणि आता जी आग लागते ती घाणेरीच्या झुडपांवरून थेट शेंड्यापर्यंत चढते. याउलट अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडले की आग आणि घाणेरी एकमेकींना वाढवतात: आगीने जागा मोकळी होते, तिथे घाणेरी येते, तीच पुढच्या आगीचे जळण होते. वरवर विरोधी वाटणारी ही दोन मते वेगवेगळ्या काळातल्या आगींविषयी आहेत, हे ध्यानात घेतले तर अर्धा वाद मिटतो. घाणेरी माजण्यापूर्वीची हलकी आग आणि ती माजल्यानंतरचा भडका यांचे परिणाम सारखे असणार नाहीत. उरलेला अर्धा प्रयोगानेच सुटेल. २०११ मध्ये सोलिगांना सामूहिक वनहक्क मिळाले, पण त्यांची आग परत आली नाही.

आसामात, काझीरंगात, वन विभागच दरवर्षी हिवाळ्याअखेर उंच गवत जाळतो. जागतिक वारसा असलेले हे कुरण नाहीतर झाडीखाली जाईल. बंगाल फ्लोरिकनसारख्या पक्ष्याला जळल्यावर फुटणारे कोवळे, आखूड गवत लागते, तर आसामातल्याच इतर कुरणांतले पिग्मी हॉग हे चिमुकले रानडुक्कर गवताच्याच घरट्यात राहते आणि सरसकट आगीत मरते. तुकड्या-तुकड्यांनी, आलटून पालटून जाळणे हा उपाय बहुतेकांना मान्य आहे.

सह्याद्री, माळ आणि गड

महाराष्ट्रात हा वाद अजून नीट उभाच राहिलेला नाही. आपल्याकडे आगीविषयी दोनच भाषा आहेत, वणवा विझवा ही एक आणि गवत चांगले येते ही दुसरी. मधल्या जागेत मात्र चांगले काम सुरू झाले आहे. जयश्री रत्नम, महेश संकरन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की आशियात ज्यांना आपण बिघडलेले जंगल म्हणतो त्यांतले पुष्कळ प्रदेश मुळात सवाना, म्हणजे विरळ झाडांचे गवताळ माळ आहेत. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या परंपरागत मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातले माळ किमान साडेसातशे वर्षे जुने असल्याचे मांडले. ब्रिटिशांच्या जंगलतोडीने माळ तयार झाले, हा समज त्यामुळे डळमळतो. पण माळ जुना आहे यावरून तो आगीने टिकला असे सिद्ध होत नाही. चराई, कमी पाऊस आणि उथळ मुरमाड जमीन हीही कारणे आहेत.

स्थानिक आगीच्या परंपराही एकसारख्या नाहीत. कोकणात भातरोपासाठी राब भाजतात. त्यावरून ठाणे जिल्ह्यात १८८०च्या दशकात शेतकरी आणि वनखाते यांच्यात इतका संघर्ष झाला की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. विदर्भात मोहफुले वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने वनहक्क मिळाल्यावर तेंदूतोडच बंद केली, कारण तिच्यापायी झाडे छाटली जात आणि जंगल पेटे. हक्क मिळाल्यावर सोलिगांना आग हवी आहे आणि पाचगावने ती नाकारली. दोन्ही निर्णय आपापल्या जंगलाच्या जाणकारीतून आलेले आहेत, म्हणून आदिवासींची बाजू म्हणून एकच बाजू मांडणाऱ्यांनी दोन्हींची नोंद घ्यावी.

आता गडांचा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. नावातच भूदृश्य आहे, म्हणजे तटबंदीबरोबर माची, उतार आणि घेराही जपायचा आहे. पण कोणत्या स्वरूपात? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी ही गडाची राखण असून ती वाढवावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, असा आदेश आहे. म्हणजे आज आपल्याला परिचित असलेला उघडा, पिवळ्या गवताचा उतार हा सगळीकडे शिवकालीन देखावा मानता येणार नाही. दुसरीकडे, गवळी-धनगरांच्या वाड्यांभोवतीचे सडे आणि माळ हेही जुनेच आहेत. मार्च-एप्रिलमध्ये लागणारा वणवा कोणत्याच हिशेबात बसत नाही. गवत कडक वाळलेले असते, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरपटणारे प्राणी मरतात आणि उघड्या उतारावरची माती पहिल्या पावसात जाते. हिवाळ्याच्या सुरुवातीची, अर्धवट ओल्या गवतातली लहान आग वेगळी ठरेल का, तटाच्या चुन्यावर आणि बसाल्टवर तिचा काय परिणाम होईल, ती गावांच्या वहिवाटीशी जुळेल का, या तिन्ही गोष्टी मोजूनच ठरवाव्या लागतील. तोपर्यंत गडांवर आग लावण्याची शिफारस कुणी करू नये, असे माझे मत आहे. त्याचबरोबर वन विभाग, पुरातत्त्व विभाग आणि घेऱ्यातल्या ग्रामसभा यांनी मिळून तटापासून दूर काही चाचणी-तुकडे आखावेत. एकावर आग, एकावर कापणी, एकावर चराई, एक नुसता राखलेला, आणि किमान दहा वर्षांच्या नोंदी.

त्याआधीचे काम मात्र आजच करता येईल. योसेमिटीत वाद पुढे सरकला तो जुन्या छायाचित्रांमुळे. आपल्याकडे गडांच्या भटकंतीची छायाचित्रे असंख्य घरांतल्या अल्बममध्ये पडून आहेत. ज्यांच्याकडे १९८० पूर्वीची असतील त्यांनी मागे गड, जागा, महिना आणि वर्ष लिहावे आणि त्यांच्या प्रती जिल्ह्याच्या पुरातत्त्व किंवा वन कार्यालयात द्याव्यात.